पाचव्या थरातला दात

मी, वय एकोणऐंशी, उत्खननात निघणारी जनावरांची हाडं ओळखून नोंदवण्यात चाळीस वर्षं घालवलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायलासुद्धा कोणी येत नाही.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला. नळ गळतो हे तिला माहीत आहे.

२. पुस्तकं संग्रहालयाला. मी लिहिलेलं पुस्तक मात्र देऊ नये. घरातल्या त्या पुस्तकाच्या प्रती रद्दीत घालाव्यात.

३. कारण असं. त्यात मी लिहिलं की चार हजार वर्षांपूर्वी समुद्राकाठचे बैल या डोंगरातल्या वस्तीपर्यंत येत आणि बदल्यात इथली दगडी पाती तिकडे जात. आधार एका दाताचा. जनावर लहानपणी ज्या मातीवर चरतं तिची खूण दातात राहते. या दातात समुद्राकाठची होती. तो पाचव्या थरात, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीत मिळाला, असं खोदकामावरच्या मुकादमाने सांगितलं. आम्ही वीस हंगाम एका डब्यातून जेवलो होतो. मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी हाडांचाच अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने दाताचं वय तपासून घेतलं. दोनशे वर्षं. मी मुकादमाला बोलावलं.

"वरच्या थरातला होता, मास्तर. मीच खाली ठेवला."

"का?"

"तीन हंगाम रिकाम्या हाताने परत जात होता तुम्ही. तोंड बघवेना तुमचं. आणि दात बैलाचाच होता की! बकरीचा तर नाही ना दिला?"

"अरे, सगळं आयुष्य त्याच्यावर उभं केलं मी."

"मग? बरं चाललं ना?"

४. हाडांच्या खोलीतल्या तळच्या कप्प्याची किल्ली, नोंदवह्या आणि हाडं मोजायचा कॅलिपर भाचीला. त्या कप्प्यात पाचव्या थरातले आणखी एकेचाळीस दात आहेत. तो एक मिळाल्यावर मी हे तपासलेच नाहीत. खोटा दात दिला, हे मी माफ केलं असतं. माझं खऱ्यांकडे बघणं थांबवलं, ते माफ होत नाही. भाचीने ते तपासावेत. जे निघेल ते स्वतःच्या नावाने छापावं.

५. सोबतच्या पाकिटात माझ्या चुकीची कबुली आहे. माझ्यानंतर तीस दिवसांत भाचीने ती छापायला पाठवावी. मी चारदा टपालपेटीपर्यंत जाऊन परत आलो.

६. मुकादमाला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून दुसरा साक्षीदार त्यालाच केला आहे. सही करण्यापूर्वी त्याने हे मोठ्याने वाचावं. माती झाडायचा माझा ब्रश त्याच्याकडे आहे; तो परत मागू नये.

ठिकाण: हाडांची खोली, खिडकीजवळचं टेबल
तारीख: नऊ मार्च
सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरा: मुकादम. सही. मोठ्याने वाचलं. कप्प्यातले दोन दात पण मीच ठेवलेत. कोणते ते आठवत नाही. भाचीताईंना सांगा, आधी सगळ्यांचं वय बघा.