काठीचं दुसरं टोक

ता. ३ मार्च

चि. सौ. बेबीस, अ. आ.

तुझ्या गुडघ्यांची कहाणी वाचली. माझ्याकडे त्यावर कडी आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ हिरडीत आडवी झोपली आहे. गाल इतका सुजलाय की दाढी करायला घेतली तर संपतच नाही. तोंडही धड उघडत नाही. तुझी वहिनी म्हणते, लग्नापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदाच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. पुष्कळ बोलल्या, मी मान हलवली. बाहेर आल्यावर तुझ्या वहिनीने थोडक्यात सांगितलं : हिरडी कापायची, थोडं हाड तासायचं, दाढेचे तुकडे करून एकेक उपटायचा. मुळाला खेटून जबड्यातली नस आहे. ती दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो.

ओठाचं मला काही नाही, या वयात त्याला काम काय. मला काळजी जबड्याची आहे. माझी काठी तुला ठाऊक आहे. एक टोक चालत्या मोटरीवर टेकवायचं, दुसरं उजव्या दाढांत धरायचं, की आत कुठलं बेअरिंग खरखरतंय ते सरळ डोक्यात ऐकू येतं. मोटर न उघडता दोष सांगतो म्हणून गिऱ्हाईक येतं, सगळं वर्कशॉप त्या काठीवर उभं राहिलं. आता त्याच जबड्यात खड्डा पाडणार. काठीतून ऐकू येणं बंद झालं, तर उरलेलं आयुष्य मी काय पान्हे पुसत काढू? सध्या सुजेमुळे काठी धरताच येत नाही. मोटरी पडून आहेत. कारागीर माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी त्यांच्या.

गोळ्यांवर दिवस ढकलतोय. कंटाळा आलाय, बेबी. माया मात्र तुझ्या गुडघ्यांसारखी कुरकुरू देऊ नकोस.

तुझा
दादा

ता. १० मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

दाढ काढून घे. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते, पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हात थांबला.

वर्षभरात तुला कितीदा फोन केला असेल. दर वेळी वहिनी उचलते आणि तुझे हात तेलाचे असतात. रविवारीसुद्धा तेलाचे. मग तूच म्हणालास की पत्रं लिहू, पत्राची गोडी वेगळी. मला वाटलं, दादा उतारवयात रसिक झाला. मागे आमच्याकडे आला होतास तेव्हा मी पाठीमागून चहाचं विचारलं, तर तू पेपर वाचत राहिलास. हे म्हणाले, धंद्याचा माणूस, विचारात असेल. मी मात्र दोन दिवस मनात धरून बसले की काय चुकलं माझं.

आता डॉक्टरीणबाई बोलल्या, तू मान हलवलीस, आणि सांगितलं वहिनीने. दादा, दातांच्या डॉक्टरांच्या तोंडावर पट्टी असते. तुला त्यांचे ओठ दिसले नाहीत, हो ना? तुझे कान गेलेत आणि आता तू फक्त त्या काठीतून ऐकतोस. म्हणून दाढेला हात लावू देत नाहीस. चुकत असेन तर फोन करून रागाव.

मी ऑफिस आणि सासूबाईंचं आजारपण यांत पिचून गेले आहे, म्हणून सरळ लिहिते. दिवसभर माणसांच्या ओठांवर पहारा ठेवायचा, तूही दमत असशील रे. राग आला तर येऊ दे, पण तो लोभातून वजा करू नकोस.

तुझी
बेबी

ता. २४ मार्च

चि. सौ. बेबीस, अ. आ.

फोन केला नाही, त्यावरून काय समजायचं ते समजली असशील. दमतो, खरं आहे. संध्याकाळी डोळे दुखतात. चारचौघांत कधी हसायचं ते दुसऱ्यांकडे बघून ठरवावं लागतं, आणि लोक म्हणतात, माणूस मोठा हसतमुख.

दाढ काढली. खुर्चीत पडलो होतो, बाई पट्टीमागून काहीबाही विचारत होत्या, मी हो म्हणत होतो. मग त्यांनी पट्टी खाली ओढली आणि समोर येऊन म्हणाल्या की, बधिर झालं का आणि अजून दुखतंय का, या दोन्हीला तुम्ही हो म्हणालात, त्यातलं खरं कुठलं? तेवढ्यात तुझी वहिनी दारातून आत आली आणि म्हणाली, यांना कानांनी ऐकू येत नाही, समोरून बोला. एखाद्याला साखर चालत नाही हे सांगावं, तितक्या सहज. तिला कधीपासून ठाऊक होतं ते विचारावं, तर माझ्या तोंडात बाईंची बोटं.

हाड तासायला लागल्या तेव्हा मात्र जे ऐकू आलं, तितकं स्पष्ट मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. दाढ हट्टी निघाली, बाई घामाघूम झाल्या. शेवटी ओठ वाचला.

घरी बोलायची बंदी होती. तुझ्या वहिनीने सगळं खुणांनी चालवलं आणि कुठे अडलं नाही, बहुधा तिला केव्हाचीच सवय असावी. आता लक्षात येतंय, ती नेहमी टेबलाला वळसा घालून समोर येते आणि खांद्याला हात लावून मगच बोलते. मी समजत होतो, वयाबरोबर प्रेम वाढलं. तेही असेल.

आज सूज उतरली. काठी घेऊन डाव्या दाढांत धरली आणि अंगणातल्या पाण्याच्या पंपावर टेकवली. ऐकू येतं, बेबी. पहिल्याइतकंच. उद्या कारागिरांना सांगून टाकणार आहे, आणि कानांच्या डॉक्टरकडेही जाईन, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

मी तसाच काठी धरून उभा असताना तुझ्या वहिनीने पंपावरचं टोक उचललं आणि आपल्या हनुवटीला लावलं. मला वाटलं, चेष्टा करते. ती म्हणाली, गोळी घेतली का. मी डोळे मिटून ऐकलं. आवाज जाडसर झालाय तिचा. कधी झाला, मला कळलंच नाही.

गोळी घेतली होती. तरी हातानेच नाही म्हणालो, पुन्हा विचारावं म्हणून.

बहिऱ्या भावावर लोभ ठेव, आणि तो पत्रातच ठेव, फोनवर वाया जाईल.

तुझा
दादा