दुखवट्याला न आलेला

इस्लामपूर, मार्च १९७४

प्रिय लाला,

थांब, मधे बोलू नकोस. परवा बाजारात मी हाक मारली तेव्हा तुला बोलायचं नव्हतं. फटफटी वळवता वळवता म्हणालास, "वकिलानं सांगितलंय, तोंड उघडायचं नाही." मग आता नुसतं ऐक. अर्जुनादाजी पलटणीतनं रजेवर आलेत आणि माझ्या बहिणीच्या मरणाबद्दल तुझ्यावर निष्काळजीपणाची फिर्याद घालायचं घरात ठरलंय. अंजना गेली, पोर जगलं. पोराचं नाव अजून ठेवलेलं नाही.

सांगलीत इंटरला आपण एका खोलीत राहायचो. अंजना घरनं चटणी पाठवायची, ती माझ्याआधी तूच संपवायचास. म्हणून तर आई म्हणाली, बाळंतपणाला लालाकडंच न्या, तो आपला हाय. तुझ्या दवाखान्यात अंजनाचं रक्त थांबेना तेव्हा आई दाराशी येऊन काय चाललंय म्हणून विचारत होती. तू म्हणालास, "तुमाला काय कळतंय त्यातलं? भाईर बसा." ती बसली. नंतर तू मागच्या दारानं गेलास आणि कंपाउंडर येऊन म्हणाला, गाडीची सोय करा. पोरगी गेली हे आईला त्या गाडीच्या निरोपावरनं कळलं, लाला.

कुंडलला तिच्या सासरी दुखवट्याला सगळं गाव येऊन बसलं. तिला तुझ्याकडं आणणारा टांगेवालासुद्धा आला. दारातच उभा राहून म्हणाला, खड्ड्यातनं जरा जोरात घेतला काय मी? दाजींच्या बापानं त्याला हाताला धरून आत नेलं, चहा पाजला. तो रडला, त्याच्याबरोबर सगळे रडले. विषय मिटला. पहिले दोन-तीन दिवस तुझं नाव कुणी वाईट घेतलं नाही. आज येईल, पेशंट असतील, असं म्हणत होते. मग बायका हळूहळू विचारायला लागल्या. शेजारची रंगूबाई म्हणाली, "ज्याच्या हातनं झालं त्योच येत न्हाई बघा." तिथनं सुरू झालं. कुणी म्हणालं तू प्यायला होतास. कुणी म्हणालं इंजेक्शन चुकलं. तेराव्यापर्यंत तर तू तिला एकटी टाकून शिनेमाला गेला होतास. तुझ्या वकिलाला कोर्ट ठाऊक असेल, पण आपल्याकडं न येणं हाच कबुलीजबाब असतो, हे तुला तरी ठाऊक होतं.

रंगूबाई काही वाईट नाही रं. तिचं थोरलं पोर गावातल्या म्हाताऱ्या आप्पासो डॉक्टरांच्या सुईनं गेलं होतं, खरंच सुईनं. म्हातारा दुसऱ्याच दिवशी आला, खाली घोंगड्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, माझ्या हातनं चुकलं." रंगूबाईनं त्याला लय शिव्या घातल्या, शेवटी पाणीही दिलं. आता नातवंडं त्याच्याकडंच नेते.

तिथं घरात आता कुणी रडत नाही. दाजी सकाळपासून बूट घासत बसतात. त्यांचा भाऊ उसाच्या तोडीवरनं माणसं घेऊन तुझ्याकडं येणार होता, त्याला दाजींनीच अडवलं. म्हणाले, नुसतं मारून काय हुतंय? ते ऐकून मला जास्त भ्या वाटलं. आई मात्र येईल त्याला एकच विचारते, शेवटाला पोरगी काय बोलली का, पाणी मागितलं का. आत तू होतास. आम्ही काय सांगणार?

तुझ्या नर्सनं मला सगळं सांगितलंय. ते घेऊन मी सांगलीत एका जुन्या डॉक्टरांना भेटून आलो. ते म्हणाले, असा रक्तस्राव मोठ्या इस्पितळातही थांबला नसता, या पोरानं करायचं ते सगळं केलंय. हे घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या फिर्यादीसाठी आज सांगलीत माझा जबाब आहे. वकील आमच्याकडंही आहे, गड्या, आणि त्यानंही तेच शिकवलंय, विचारतील तेवढंच बोल. डॉक्टर, म्हणजे तू, घरच्यांशी काही बोलले का, असं विचारतील. नाही म्हणेन, ते खरंच आहे. तुझी चूक नव्हती, हे मला कुणी विचारणार नाही. आणि मी आपणहून सांगणार नाही. तू तरी कुठं सांगितलंस? हे तुला एकट्याला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता तुझ्या दारातनं आत सरकवतो. सांगलीची गाडी लागलीय, तू कडी काढशील तवर मी गेलेला असेन.

तुझाच,
नाथा