दोन खोल्यांचा तंबू

९ मार्च २००३, रविवार
मिस्सा सुटल्यावर व्हिक्टरने चर्चच्या आवारात एकेकाला गाठलं. १ मे ते ४ मे शिबिर, सूर्या नदीकाठी, आपल्या धर्मग्रामातली सात कुटुंबं, ज्याने त्याने आपला तंबू आणायचा. रोशेल घरी येईपर्यंत गुणगुणत होती. कॉलेजला गेल्यापासून पोरगी आमच्याबरोबर कुठे यायला पहिल्यांदाच तयार झाली. बायकोचं, सेलीनचं, भांडी घासताना एवढंच, "आणि आई?"
आईच्या विसरण्याचं घराबाहेर कुणाला माहीत नाही. दोनदा पहाटे निघून गेली. एकदा विहिरीच्या कठड्यापाशी सापडली. कुणी विचारलं तर "वय झालं" म्हणतो. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

१२ मार्च
बहिणीचा फोन. सिस्टरांच्या आश्रमात आईला चार दिवस ठेवून घेतील, तिची ओळख आहे. ईस्टरच्या सोमवारपर्यंत कळवायचं. "चार दिवसांचा तर प्रश्न, दादा. त्याचं किती करतोस!"
आईला सकाळ-संध्याकाळ उमगत नाही, चार दिवस काय उमगणार? विचार सोयीचा आहे. कुणाच्या सोयीचा, ते लिहायला नको.

१५ मार्च, शनिवार
मुंबईला गेलो, तंबू बघायला. शेवटी दोनांवर आलो. एक सहा जणांचा, एकच खोली, पुढे दोऱ्यांनी बांधायचा पडदा. हवेशीर. दुसरा आठ जणांचा, दोन खोल्या, आतल्या खोलीला स्वतंत्र चेन, पुढे ओसरीसारखी जागा. जड. विक्रेत्याने दुकानातच उभा करून दाखवला. मी आत शिरून चेन लावली, उघडली, परत लावली. मग विचारलं, अंदर से न खुले, ऐसा हो सकता है?
"बच्चे छोटे हैं क्या, सर?"
हो म्हणालो. त्याने दाखवलं: चेनला आतून लोंबणारी दोरी कापली की आतल्या माणसाच्या हाताला धरायला काही राहत नाही. तोच घेतला.
एवढ्या सहज हो म्हणालो याचं...

१६ मार्च
सेलीनला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल.
"मग काप की दोरी."
म्हटलं, कोंडल्यासारखं होतं गं.
"पाळण्याला कठडा असतो, त्याला कुणी कोंडणं म्हणतं का? दोन वर्षं मी दाराला पाठ लावून झोपते. तू नुसतं वाईट वाटून घेतोस."
तरी दोरी कापली नाही.

२३ मार्च, रविवार
तंबूची तालीम. केळींच्या पुढच्या मोकळ्या जागेत उभा केला. निळा, वर पिवळी पट्टी. दुकानात वाटला त्याहून कितीतरी मोठा. आई ओसरीवरून बघत होती. मी खुंटी ठोकतोय तर एकदम उठली.
"उपवासाच्या दिवसांत मांडव?"
मला हसू आलं.
"हसतोस काय? ईस्टरच्या आधी लग्न लागतं का कधी? फादरांना विचारलंस?" मग रोशेलला खालपासून वरपर्यंत न्याहाळून, "पोरीचं काय झालंय? खरं सांगा मला."
रोशेल लालबुंद. "मम्मी, आजीला आत ने ना!"
सेलीन हात धुऊन येईपर्यंत आई गल्लीत. चार घरं करून झाली. प्रत्येक घरी तेच: नातीचं घाईघाईने उरकतायत, ईस्टरपर्यंत थांबत नाहीत, तुम्ही तरी सांगा त्यांना. शेजारचे आंतोनमामा हात धरून तिला घेऊन आले.
"मास्तर, नवरा कुठल्या गावचा ते तरी कळू द्या. सूट शिवायला टाकतो." सगळे हसले. मीही. मग मामा आवाज खाली आणून म्हणाले, "कधीपासून असं?"
दोन वर्षं झाकलेलं एका दुपारी गल्लीभर झालं. लाज वाटली आणि हलकंही वाटलं. हलकं वाटल्याची परत लाज.
रोशेल जेवली नाही.

२५ मार्च
व्हिक्टरचा फोन. त्याच्यापर्यंत पोचलंच. "आईंना जरूर आण. पण नदी तंबूंपासून फार लांब नाही. जबाबदारी तुझी, बाबा." नको म्हणाला असता तर बरं झालं असतं. सुटलो असतो.
तंबू अजून उभाच. आई उतरवू देत नाही. लग्न लागल्याशिवाय मांडव काढत नाहीत म्हणते.

३० मार्च, रविवार
लिहावं की नाही.
सेलीन आणि रोशेल दुपारी सेलीनच्या माहेरी गेल्या होत्या. मी दोरी कापली. आईला जेवल्यावर तंबूच्या आतल्या खोलीत निजवलं, चेन लावली, बाहेर खुर्ची टाकून बसलो. परीक्षा घ्यायला. कुणाची?
आधी काही नाही. मग कापडावर तिचे हात. बोटं चाचपत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती, बाहेरून उंचवटे दिसत होते.
"मांडवाला दार कुणी लावलं रे?"
मग हाका. मला नाही, बाबांना. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. मग 'नमो मरिये'ची प्रार्थना, भराभर, एकामागून एक, जपमाळेशिवाय.
मी बसून होतो. स्वतःला सांगत होतो की तंबू सुरक्षित आहे का ते बघतोय.
रोशेल लवकर परतली होती. तिनेच येऊन चेन उघडली.
"पप्पा, तुम्ही इथेच होतात?"
आई बाहेर आली आणि मला म्हणाली, "पाहुणे जेवले का?" तिच्या मनात काही उरलं नव्हतं.
संध्याकाळी सेलीन, "पण चेन उघडता आली नाही ना तिला?" नाही. "मग झालं तर." रोशेल उठून आत गेली.

१२ एप्रिल
आई झोपलेली असताना तंबू उतरवला, घेऊन परत दुकानात. एका खोलीचा द्या म्हटलं. विक्रेत्याने चेन बघितली. "डोरी काट दी आपने, सर. अब वापस नहीं होगा." बरोबरच होतं त्याचं. एवढं ओझं घेऊन परत पापडीला, घरी.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
आश्रमात गेलो, हो सांगायचं ठरवून. सिस्टरांनी खोली दाखवली. स्वच्छ, खिडकीतून चिकूची झाडं. दाराला बाहेरून कडी. विचारलं.
"रात्री लावतो, मास्तर. नाहीतर कसं जमायचं?" अगदी सरळपणे, चहा पुढे करत.
म्हणजे तिथेही तेच. फक्त हात माझा नसता. नको सांगून आलो. आईसाठी नको म्हणालो, की आपण निष्ठुर नाही हे स्वतःला पटवायला? बहिणीने फोन आपटला. सेलीनने रात्री परत दाराशीच अंथरूण घातलं.

२८ एप्रिल
आंतोनमामा आले. तेही येतायत शिबिराला. "मांडवात रात्री कुणीतरी जागं असतंच, मास्तर. आपण पत्ते घेऊन बसू पाळीपाळीने. आई कुठे जाते बघूच."
मला ताबडतोब हो म्हणायचं होतं. ते गेल्यावर सेलीन म्हणाली, "पहिल्या रात्री जागतील. दुसऱ्या रात्री सगळे घोरतील, आणि मी जागी. मी तिथे झोपायला चाललेय, कळलं? नदी बघायला नाही."
आजवर तिला हे विचारलंच नव्हतं, ती कशाला येतेय.

१ मे, गुरुवार, सूर्या नदी
दुपारी पोचलो. सगळ्यांनी वाऱ्यासाठी तंबूंची तोंडं नदीकडे केली. मी आमचं इतर तंबूंकडे केलं. आत उकडतंय. रोशेल वैतागली, पण का ते तिने विचारलं नाही. खुंट्या तिनेच ठोकल्या.
आई खूश. लाल लुगडं नेसून तंबूपुढे बसली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला बसवून घेते, जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणते. बायका बसतायत. व्हिक्टरच्या बायकोने तर विचारलं, "आई, नवरी दाखवा की." रोशेल आज चिडली नाही, पुढे येऊन उभी राहिली.
मामा पहिली पाळी घेतो म्हणाले. दुसरी व्हिक्टर घेणार होता. आता म्हणतो, गाडी चालवून पाठ धरली आहे, बघतो. तिसरीचं कुणी बोललंच नाही.
ऊन उतरतंय. पाणी उन्हाळ्यातही बरंच आहे. इथून ऐकू येतं.
सेलीन आतल्या खोलीत अंथरुणं घालून बाहेर आली. डोळे जागरणाने सुजलेले.
"चेन लावायची का रात्री?"
बघू, म्हटलं.
"'बघू' नको. सांग."