दोन सपाट चमचे

१५ नोव्हेंबर, शनिवार

वराळ्यात सारिकाचं तेरावं झालं. माणसं पुष्कळ आली. जेवणं आटोपल्यावर तिच्या नवऱ्याने, आदिनाथने, बाळ माझ्या ओटीत घातलं. मुलगी, तेरा दिवसांची. माझी बहीण गेली त्याच दिवशी जन्मलेली.

"ताई, आजपासून तुमची," म्हणाला. तो खंडाळ्याच्या हॉटेलात गाडी चालवतो. घरात फक्त आई, झुंबरबाई. त्यांना बाटलीचं काही जमत नाही. म्हणून मी. दत्तकपत्र नोंदवायला वडगावच्या कचेरीत १८ डिसेंबरची वेळ मिळाली आहे.

झुंबरबाई सव्वा महिना माझ्याकडे राहणार. मला एकटीला बाळ न्हाऊ घालता येणार नाही असं त्यांचं मत. खरं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाळाला डॉ. कौमुदींकडे नेलं. वजन २ किलो ७५०. कागदावर अजून 'बेबी ऑफ सारिका'.

दुधाचे चार मार्ग सांगितले. पावडरचं दूध. पुण्यातल्या दूधपेढीचं, पण ते आधी काचेच्या पेटीतल्या अशक्त बाळांना. कुणी बाई अंगावरचं द्यायला तयार असेल तर तिच्या तपासण्या करून. आणि चौथा — मी स्वतः! पंप लावायचा, दिवसातून आठ वेळा. महिना-दोन महिन्यांनी थोडं येतं, कधी येतही नाही.

"माझं लग्न झालेलं नाही," म्हटलं.

"त्याचा काही संबंध नाही," म्हणाल्या.

सध्या पावडर. साठ मिली पाणी, दोन सपाट चमचे, आठ वेळा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पंप आणला. मेडिकलवाल्याने विचारलं, "पेशंट कुठंय?" म्हटलं, "मीच." त्याने खोकं दोन पिशव्यांत घालून दिलं.

झुंबरबाई म्हणाल्या, "ह्ये कसलं यंतर?"

"याने दूध येतं म्हणे, मावशी."

"बाळातपन न होता?"

"हो."

"मंग आमच्या गाईनं फुकटच वासरं घातली म्हनायची."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत रुजू झाले. मी तिथे कार्यालयात लिपिक. दत्तकाची रजा दत्तकपत्र नोंदल्यावरच मिळते. हा नियम आजवर मीच इतरांना वाचून दाखवला आहे.

सकाळी बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवून जाते. पहाटेची आणि संध्याकाळचीही झुंबरबाईच देतात. आठांतल्या पाच त्यांच्या हातच्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

२ किलो ७८०. एवढंच! डॉक्टरांनी विचारलं, "माप बरोबर आहे ना?" चमचा सुरीने सपाट करते, म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार

२ किलो ७६०. वीस ग्रॅम कमी.

संध्याकाळी आदिनाथ आला. "ताई, राग मानू नका. पोर वाळत चाललीय. अठरापर्यंत वजन वाढलं तर सही करतो. न्हाईतर बेडश्याला मामाच्या सुनेकडं ठेवतो. तिच्या अंगावर दूध हाय."

झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "डब्यातलं पाजून कुटं पोरं जगत्यात?"

पंपाला आज चौदा दिवस. काही नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शाळा दुपारी सुटली. लवकर घरी आले. झुंबरबाई ओट्याशी होत्या. मी सकाळी भरलेली बाटली त्यांनी पातेल्यात ओतली. मग तेवढंच पाणी घातलं.

"मावशी, हे काय?"

"सायीवानी घट हाय त्ये. पोटात गोळा हुईल की. म्हशीचं बी आमी निम्मं पानी घालूनच पाजायचो. माजी पाची पोरं तशीच वाढली."

"डब्यात कोरडी पावडर असते. पाणी मी आधीच घातलेलं असतं."

त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी म्या पोरीला पानीच पाजलं?"

मी पातेलं मोरीत रिकामं केलं.

"सारिका काय म्हनंल मला..." आणि मग, "आदिनाथाला सांगशीला?"

"नाही."

मग शिकवलं. आधी पाणी, मग पावडर. चमच्यावरून सुरी. पाच वेळा करून घेतलं. शेवटची दोन बरोबर आली.

५ डिसेंबर, शुक्रवार

पंप खोक्यात घातला.

८ डिसेंबर, सोमवार

२ किलो ९९०!

आदिनाथचा फोन. "काय केलं ताई?" म्हटलं, "माप बदललं." खोटं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

३ किलो २२०. डॉक्टरांनी विचारलं, "दूध कोण बनवतं?" माझ्या आधी झुंबरबाई म्हणाल्या, "म्या! सुरीनं सपाट करती." परत येताना रिक्षावाल्यालाही सगळं सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

परवा रात्री बाळाला माझ्या हातावर झोप लागली होती. लिहायचं राहिलं होतं. रजेचा अर्ज तयार करून ठेवला. बाळाच्या नावाचा रकाना भरायचा आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

शाळेतून आले तर आदिनाथ दारात उभा. आत ये म्हटलं तरी चपला काढेना.

"ताई, तोंड न्हाई मला. पन आईला आता दूध करायला जमतंय. पोर सारिकावर चाललीय. मला न्हाई देववत."

झुंबरबाई भिंतीकडे बघत होत्या.

"तुमीच सांगा," म्हणाला. "आईच्या हाती पोर नीट राहील का? तुमी न्हाई म्हनलात तर हितंच ठेवतो. उद्या सही करतो."

झुंबरबाई अजून भिंतीकडेच. पातेल्यातल्या पाण्याचं एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं.

"राहील," म्हटलं. "त्यांचं माप बरोबर आहे."

सहाच्या सुमारास दोघं बाळाला घेऊन गेले. दुपट्यात मीच तिला गुंडाळून दिलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वडगावची वेळ रद्द झाली. अर्ज दिलाच नाही.

झुंबरबाईंचा फोन आला. "बाय, पानी आदी का पावडर?"

"पाणी आधी, मावशी."

हे त्यांना पाठ आहे.

येताना मेथीची जुडी आणली होती. निवडायला बसले.