आमची खिडकी मोठी आहे

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आधी वाकता यायला हवं. पाठ धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घे. (थोरली आहेस, माझं चालवून घ्यायची तुला सवय आहे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? मुलांचा खोकला? तुझा खोकला मुलांना लागला की मुलांचा तुला, ते मागच्या पत्रावरून नीट कळलं नाही. पण घरातलं घरात राहिलं हे बरं. इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कागद खराब करायचं कारण एवढंच, की शनिवार-रविवार धरून मी मैत्रिणींबरोबर त्या उत्तरेकडच्या निसर्गरम्य देशात जाऊन आले, आणि निसर्गाबद्दलचं माझं मत कायमचं वाईट झालं.

मैत्रिणी म्हणजे त्याच दोघी, मास्तरीण आणि चिमणी. विसरली असशील तर सांगते. आमच्या पडद्यांच्या कारखान्यात मी कापड बेतते, मास्तरीण शिवते आणि बाकीच्यांना शिकवते, आणि चिमणी पुढे काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलते. (गोड बोलण्याचा पगार मिळतो हे मला तिच्याकडे बघूनच कळलं.) मालकाचं तुला माहीतच आहे. उन्हानं कापडाचा रंग उडतो म्हणून हा माणूस बारा महिने खिडक्या बंद ठेवतो, आणि त्या अंधारात लांबलचक टेबलाशी वाकून वाकून माझी पाठ गेली. रोज दुपारी इस्त्रीच्या टेबलामागे डबे उघडले की आमचा तिघींचा विषय एकच असायचा: आपलं दुकान. आपल्या दुकानात उजेड असेल, आपल्या दुकानात बसायला पाठीच्या खुर्च्या असतील, आपल्या दुकानात मालकासारखी माणसं दारातूनच परत जातील. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याची जागा रिकामी झाली तेव्हा तिघींनी काचेला नाकं लावून आत बघितलं होतं. मी तर बाहेरून त्या खिडकीचं मापही घेतलं, विती टाकून. लोक बघत होते, बघू देत.

तर चिमणी म्हणाली, तिकडे जाऊ, तळ्याकाठी निवांत बसू, दुकानाचं बोलायचं आहे. मी म्हटलं, चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं! शुक्रवारी निघायच्या आधी मी मालकाला राजीनामा दिला. नुसता दिला नाही, त्याच्यासमोर वाचून दाखवला, आणि कागदावर मावलं नव्हतं तेही तोंडी सांगितलं. एक खिडकीही उघडून आले. आणि बॅगेत, सगळ्यात खाली, या दोघींना पत्ता लागू न देता, किल्लीवाल्याच्या खिडकीचा पडदा घेतला. गेले दोन महिने घरी बसून मीच बेतला, मीच शिवला. (शिवणं हे मास्तरणीचं काम, पण नेफा बघितलास तर तीही बोट तोंडात घालेल.)

देशाबद्दल काय लिहू? पोचलो तेव्हा पाऊस, निघालो तेव्हा पाऊस, मध्ये धुकं. धुक्यामागे डोंगर आहेत असं फलकावर लिहिलं होतं, त्यावर विश्वास ठेवायचा. मेंढ्या पुष्कळ. त्या आपल्याकडे अशा बघतात की जणू सहलीला त्या आल्यात आणि बघायला आपण आहोत. तळ्याकाठचं लाकडी घर फोटोत दिसतं तसंच निघालं, फक्त फोटोत वास येत नाही. आत दोन पलंग जोडून लावलेले, त्यावर मास्तरीण आणि चिमणी. माझ्यासाठी स्वयंपाकघरात फ्रिजच्या कडेला फोल्डिंगची खाट. तीच माझ्या पाठीच्या मुळावर आली. मी कूस बदलली की खाट ओरडायची, खाट ओरडली की फ्रिज घुरघुरायचा, आणि सकाळी चिमणी विचारते, झोप छान लागली ना गं, या हवेत?

पण खरी गंमत हवेत नव्हती, भाषेत होती. शनिवारी सकाळी मास्तरीण बूट घालता घालता म्हणाली, आम्ही जरा तळ्याला वळसा घालून येतो, तुझी पाठ दुखतेय ना. मी म्हटलं, बरं. पाठ दुखतच होती. परत आल्यावर चिमणीनं फोन माझ्या हातात दिला, आमचा एक काढ ना. काढला. मग चहा पिताना मास्तरीण तळ्याकडे बघत म्हणाली, असा निळा रंग आमच्या दुकानाला छान दिसेल. ताई, माझ्या हातातला कप हातातच राहिला. 'आपलं' गेलं कुठे? वाटलं, जीभ घसरली असेल. बाईमाणूस थंडीत बोलणार, एखादा शब्द गारठायचाच. तरी मी दिवसभर सापळे लावत बसले. दुकानाचं नाव काय ठेवायचं ग आपण? तर म्हणे, बघू. खुर्च्या कुठून आणायच्या आपण? तर चिमणी म्हणे, अय्या, ती मेंढी बघ! इतका साधा शब्द, पोरंसोरं बोलतात, आणि या दोघींच्या तोंडून तो काही केल्या निघेना.

मग संध्याकाळी सूप पिऊन झाल्यावर मी म्हटलं, जाऊ दे, मन मोठं करावं. बॅगेतून पडदा काढला, झटकला, आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मास्तरणीनं नेफ्यावरून हात फिरवला, आणि खरं सांगते, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, शिवण बघून आलं. तेवढ्यात चिमणी, जिला गोड बोलायचा पगार मिळतो, ती पटकन बोलून गेली, "अगं, पण आमची खिडकी याहून मोठी आहे."

म्हणजे जागा घेऊन झाली होती. किल्लीवाल्याची नाहीच, बाजारातली, मोठी. पुढच्या महिन्यात उघडतायत. मला हे सांगण्यासाठी ही सहल होती. इतक्या सुंदर ठिकाणी सांगितलं तर तुला कमी लागेल असं वाटलं गं, हे चिमणी रडत रडत म्हणाली. बकऱ्याला आधी हिरवा पाला घालतात, त्यातला प्रकार. कारण विचारलं तर मास्तरीण म्हणते, तुझ्या हातात जादू आहे, पण तुझं तोंड! गिऱ्हाईक पळेल. आता तूच सांग ताई, मी कधी कुणाला उगाच बोलले का? त्या एका बाईला मी एवढंच म्हटलं होतं, की या रंगाचा पडदा लावण्यापेक्षा खिडकीच बुजवून घ्या. ते तिच्या भल्याचंच होतं. आणि वर मास्तरीण म्हणते, तू घरबसल्या आमचं कापड बेतून देशील ना? मी म्हटलं, विचार करते. (विचार कसला डोंबलाचा! पण 'नाही' म्हणायला तोंड उघडलं असतं तर मी भोकाड पसरलं असतं, आणि त्या तळ्यासमोर मला रडायचं नव्हतं.) फार लागलं ताई. तुला म्हणून लिहिते.

रविवारी परत निघालो तर माझा कोट ओला आणि पडदा कोरडा. अंगाभोवती गुंडाळून घेतला, झालरीसकट. गाडीत तिकीट तपासणाऱ्यानं माझ्याकडे दोनदा बघितलं. चिमणी म्हणाली, तुला शोभतोय हं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. धुकं निवळलं होतं आणि डोंगर खरंच होते.

असो. झालं ते बरंच झालं. कुणाच्या मिंधेपणात राहायचा माझा स्वभाव नाही, आणि त्या अंधाऱ्या कारखान्यात तर मालक पाया पडला तरी मी पाऊल टाकणार नाही. मोठ्यांना नमस्कार, मुलांना खोकल्यासकट आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. भाऊजींची आणि आमच्या मालकाची जुनी ओळख आहे ना? त्यांनी सहज गेल्यासारखं जावं आणि सांगावं की शुक्रवारी तिला ताप होता, तापात माणूस काहीबाही बरळतं. खिडकीही तापातच उघडली म्हणावं. पाया पडायची अट नाही.

ता. क. तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीचं माप कळव. लहान असेल तर फारच बरं.

आणखी एक. तू मागच्या पत्रात लिहिलंस, 'उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर जाणार आहोत.' चार वेळा वाचलं. घाईत लिहिलं असशील, खोकला होता. ते आम्ही आहे की आपण, तेवढं एका ओळीत कळव. फोल्डिंगची खाट मला चालते.