ताईविना शाळा

३ जुलै

ताईला काढलं! शाळेच्या फळ्यावर, सहलीच्या सूचनेखाली एक ओळ — ‘मदतनीस पदे पुढील आदेशापर्यंत स्थगित.’ झालं. माझ्या लेकीला, आमच्या राणीसरकारला, व्हीलचेअरवरून उठवणारी, बाथरूमला नेणारी, वही धरून ठेवणारी बाई एका ओळीत गायब.

मुख्याध्यापिका म्हणतात, “अहो, कपात नका म्हणू. सुसूत्रीकरण आहे हे.”

शब्दाचीसुद्धा किळस येते, हे आज कळलं.

५ जुलै

“ताई माझ्यावर चिडलीय का?” — राणीसरकार.

आठ वर्षांच्या पोरीला काय सांगू? सरकारकडे पैसे नाहीत? शाळेच्या दारात नवी कमान उभी राहतेय. तिच्याखालूनच तर जाते ती रोज.

९ जुलै

डबा धुवायला घेतला तर पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. काल घाईत तशीच ओतून दिली होती. परवाही.

“पाणी का नाही प्यायलीस गं?”

“प्यायलं की शू लागते.”

इतकं सरळ! जणू गणित सोडवून दाखवलं. वर मलाच समजावते, “बाई एकट्या असतात ना, त्यांना वर्ग सोडून येता येत नाही.”

१० जुलै

शाळेत गेले. मुख्याध्यापिका — “यातूनच मुलं स्वावलंबी होतात.” म्हटलं, तुम्ही एक दिवस घोटभर पाण्याशिवाय बसून दाखवा. तर शिपायाला हाक मारून म्हणाल्या, यांना चहा आण!

तशीच उठून आले.

१४ जुलै

ताप. लघवीचा संसर्ग. डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडल्या — “पोरीला पाणी देत नाही का?” मान खाली घालून ऐकून घेतलं. सांगणार तरी किती जणांना?

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानातून परत रजा. मालक नुसते कॅलेंडरकडे बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ जुलै

ताई सांभाळायची त्या सगळ्या मुलांचे पालक जमले, आमच्याच बाहेरच्या खोलीत. ऐकू न येणाऱ्या मुलाचा बाप — सुतारकाम करतो. जुळ्यांची आई. नातवाला एकटीनं वाढवणाऱ्या आजी, निवृत्त नर्स. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सुतार बादली पालथी घालून बसला आणि वर म्हणतो, “ही तुमच्या खुर्च्यांपेक्षा मजबूत आहे, वहिनी.” किती दिवसांनी हसले!

ठरलं — ऐकलं नाही तर मोर्चा, आणि कुणीही एकट्यानं बोलणी करायची नाहीत. मीच म्हणाले, “ताई मिळेल तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको.” टाळ्या पडल्या.

२५ जुलै

शिक्षण कार्यालय. साहेब म्हणाले, “वरून आदेश आहेत.” यांचं सगळं वरूनच येतं, खाली जबाबदार माणूस म्हणून कुणी नाहीच. मग राणीसरकारचा गालगुच्चा घेतला — “किती गोड आहे हो!” तिनं तोंड फिरवलं.

माझीच लेक!

३० जुलै

साहेबांचा फोन. आवाजात नुसता गूळ. “तुमची केस वेगळी आहे. विशेष बाब म्हणून तुमची जुनी ताई परत देतो. फक्त तुमच्या मुलीला. बाकीच्यांना कळायला नको, आणि ते मोर्चाचं तेवढं आवरा.”

नवरा म्हणाला, “घे. आधी आपली पोरगी.”

त्याच्या अंगावर धावून गेले. लाच आहे ही!

३१ जुलै

पुन्हा ताप. पुन्हा भरलेली बाटली.

मीच साहेबांना फोन लावला. मी हो म्हटलं.

थुंकावंसं वाटतंय. कुणावर, ते लिहीत नाही.

२ ऑगस्ट

मोर्चाच्या तयारीची बैठक. सुतारानं फलक करून आणले होते, कडा घासून, मुलांच्या हाताला लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून. पहिला माझ्या हातात दिला. तो खाली ठेवला. सांगून टाकलं — मला ताई कबूल केलीय. मी हो म्हटलंय.

शिव्या खायची तयारी होती. तर जुळ्यांची आई हमसून रडायला लागली, “मीही...” सुतार भिंतीकडे बघत म्हणाला, “फोन मलाही आला होता.” आजींनी पदर तोंडाला लावला. म्हटलं, याही रडताहेत, तर हसत होत्या!

“अगं, कुठली ताई सांगितली तुम्हाला?”

“आपली जुनी.”

सगळ्यांना तीच! फक्त तुमच्यासाठी म्हणून, सगळ्यांना!

३ ऑगस्ट

ताईचं घर शोधून काढलं. तिला कुणी परत बोलावलेलंच नाही! कपड्यांच्या दुकानात घड्या घालते आता. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मोर्चा किती वाजता? राणीसरकारची खुर्ची मी ढकलते.”