रिकाम्या खिळ्यापुढची उदबत्ती

आंजी (मोठी)
रविवार, दि. ११ मार्च १९७९

तीर्थस्वरूप बापूमामांच्या पायांवर ओमप्रकाशचे डोके.

इकडे मी, आई आणि शेळी बरे आहोत (शेळीचा कान पिकला होता, हळद भरली, आता बरा आहे). तुमचा गुडघा कसा आहे? उजवा की डावा हे मी विसरलो, म्हणून दोन्ही विचारतो. माघ चतुर्थीला केळझरला आलो, गणपतीचे दर्शन झाले, तुमच्या विहिरीवर आंघोळ झाली, आणि मामींनी माझा झिजलेला करदोडा पाहून मला नवा काळा करदोडा दिला, तो अजून कमरेला घट्ट आहे. मामींना नमस्कार सांगावा. तुमची नात नलू आता भिंत धरून उभी राहत असेल. तिच्याविषयी पुढे लिहिणार आहे, पण आधी इकडची हकिकत क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की माझे पोट दुखते.

तुम्हाला माहीतच आहे की मी इथल्या शाळेत तीन वर्षे कच्चा शिपाई आहे. मला पक्के करायचे की घरी पाठवायचे हे ठरवायला संस्थेचे सेक्रेटरी रूपरावजी काल शनिवारी येणार होते. माझे मुख्य काम घंटेचे. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा निंबाला टांगला आहे, त्यावर लोखंडी कांब मारायची. हे काम सोपे वाटते, पण मामा, साडेचारशे मुले, अकरा मास्तर आणि निंबाखाली बसणारी दोन कुत्री माझ्या हाताकडे पाहत असतात. आईने तर तुमच्या ओळखीतल्या त्या सेलूच्या मुलीकडच्यांना सांगून ठेवले आहे की, पोरगा पक्का झाला की कळवतो. म्हणजे घंटा चुकली तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर सेलूही गेले.

आता घड्याळ. ऑफिसात लंबकाचे जुने घड्याळ होते, एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारे. फेब्रुवारीत एका बुधवारी ते बंद पडले. का पडले यात आता शिरण्यात अर्थ नाही. आमचे हेडमास्तर महादेवराव सर यांनी कानाने ऐकले, बोटाने ठोकले आणि ‘आतून गेले’ असा निकाल देऊन ते पोत्यात बांधून एस.टी.ने वर्ध्याला दुरुस्तीला पाठवले. भिंतीवर खिळा राहिला आणि खाली घड्याळाच्या आकाराचा पांढरा डाग. हेडमास्तरांचे मनगटी घड्याळ दिवाळीत त्यांच्या जावयाने रुसून नेले आहे. बाकी घड्याळे तीन मास्तरांकडे. पण इतिहासाच्या सरांचे सात मिनिटे पुढे असते (वर्ध्याची गाडी सुटू नये म्हणून), गणिताच्या सरांचे मागे असते, आणि तिसरे ज्यांचे आहे ते सर कोणाला वेळ सांगत नाहीत. पहिल्या दिवशी मी तिघांना विचारून मधली वेळ काढली, तर तिघेही रागावले. तेव्हा हेडमास्तरांनी मला आत बोलावून हळूच सांगितले की, घंटा एकाच डोक्याने वाजली पाहिजे, डोके तुझे वापर.

माझे डोके तुम्हाला ठाऊक आहे. मॅट्रिकला ते इंग्रजीत दोनदा बसले आणि दोनदा उठले. पण शाळेच्या कपाटात खालच्या खणात एक जाड मराठी पुस्तक आहे. पुठ्ठा नाही, नाव नाही, सुरुवातीची पाने नाहीत, आणि उरलेल्यात वाळवीने वरून खाली एक बोगदा काढला आहे. त्यात ‘घड्याळ’ या विषयावर अकरा पाने आहेत. ती मी झाडताना वाचत असे. मामा, माणसांनी वेळ मोजायला काय काय केले आहे! इंग्लंडात म्हणे मेणबत्तीवर रेघा ओढत, मेणबत्ती जितकी उतरली तितका दिवस गेला. चीनमध्ये निरोप्या पायाच्या बोटांत पेटती उदबत्ती धरून झोपे, चटका बसला की निघायची वेळ झाली (हे वाचल्यापासून मी पायात मोजे घालून झोपतो). फ्रान्समधल्या एका गृहस्थाने अंधारात वेळ कळावी म्हणून आकड्यांच्या जागी मसाले बसवले होते. काटा चाचपायचा, मसाला चाटायचा, आणि किती वाजले ते जिभेला कळायचे. मला वाटते तिथे मामी असत्या तर त्यांनी बाराला सावजीचा मसाला ठेवला असता, आणि मग परत झोप कसली लागते. आणि एका बागेत एक छोटी तोफ होती. तिच्यावर भिंग असे. सूर्य डोक्यावर आला की भिंगातून ऊन बरोबर दारूवर पडे आणि भर बाराला तोफ उडे. हे मी शाळेत पाणी भरणाऱ्या तानाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “अन् ढग आले तं बारा वाजतच नाई का रे तिकडे?” याचे उत्तर वाळवीने खाल्ले होते.

तोफ मला शक्य नव्हती, म्हणून मी पाण्यापासून सुरुवात केली. तुमच्या लग्नात जोशीबुवांनी घंगाळात घटिका सोडली होती असे आई सांगते. बुडाला भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. मी नारळाची करवंटी घासली, खिळ्याने भोक पाडले आणि पानठेल्यावरच्या रेडिओच्या आवाजाशी ताडून पाहिले. दहा मिनिटांच्या बातम्या सुरू होताना सोडली आणि संपताना बुडाली पाहिजे, इतके भोक चार दिवस रुंदावत नेले. (पाचव्या दिवशी बातमीदार ठसकला आणि बातम्या लांबल्या, तो दिवस मी धरला नाही.) आमच्याकडे शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो, म्हणजे साडेतीन करवंट्या. तीन ठीक आहेत, पण अर्धी करवंटी बुडाली हे ओळखायला नाक पाण्याला लावून बसावे लागते. मी तसा ऑफिसाबाहेरच्या रांजणापाशी बसलो होतो आणि दोन दिवस सगळे बिनचूक चालले. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला खडू आणायला पाठवले. परत आलो तर करवंटी तरंगत होती. बसलो. पुन्हा हाक आली, पुन्हा आलो, पुन्हा तरंगत होती. तिसरा तास संपेचना. भूगोलाच्या सरांची आफ्रिका संपली, मग त्यांनी ऑस्ट्रेलिया घेतली, मग खिडकीतून माझ्याकडे पाहायला लागले. शेवटी तानाबाईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “डुबून राह्यली होती बिचारी, मी दरखेपी काहाडून वर ठेवली. तू काऊन लक्ष देत नाई?”

मग उदबत्तीकडे वळलो. पुस्तकात होते की चीनमध्ये उदबत्तीला दोरे बांधून त्यांना वजने लावत. उदबत्ती जळत त्या जागी आली की दोरा तुटतो, वजन खाली ताटलीत पडते आणि आवाज होतो. मी आमच्या किराण्याच्या दुकानातल्या पाच जातींच्या उदबत्त्या पेटवून पाहिल्या. मोगरा घाई करतो, चंदन रेंगाळते, केवडा मध्येच विझतो. गुलाबाच्या उदबत्तीला मात्र, वारा नसेल तर, अशा जागी दोरा बांधता येई की पस्तीस मिनिटांना सायकलचा नट पितळी ताटलीत पडावा. वारा सगळीकडे होता, फक्त ऑफिसात त्या रिकाम्या खिळ्याखालच्या कोनाड्यात नव्हता. तिथे मी उदबत्ती लावली. पहिल्या दिवशी सहाही तास असे बरोबर सुटले की गणिताच्या सरांनी आपले घड्याळ माझ्या घंटेला लावले.

आता चूक कोणाची म्हणायची हे तुम्ही ठरवावे. दुसऱ्या दिवशी तानाबाई झाडायला आली, भिंतीपुढे उदबत्ती पाहिली, खराटा खाली ठेवला आणि हात जोडले. मी सांगितले की बाई, इथे काही नाही, इथे खिळा आहे. ती म्हणाली, काही नाही तर उदबत्ती कशाला लावली? मी म्हटले, वेळेसाठी. ती म्हणाली, हो, वेळ वाईटच आहे. तिसऱ्या दिवशी खिळ्याला कुंकू होते. सातवीच्या मुली परीक्षेच्या आधी येऊन पाया पडून जाऊ लागल्या. एकाने ताटलीत फूल वाहिले, त्यामुळे नट पडल्याचा आवाज झाला नाही आणि मधली सुट्टी नऊ मिनिटे उशिरा झाली. मी ताटलीवर ‘येथे फुले वाहू नयेत’ अशी चिठ्ठी लावली (‘वाहू’ हा शब्द दोनदा तपासला), तर लोक फुले बाजूला ठेवू लागले आणि ते देवाचे ठाणे कडक आहे असे गावात पसरले. गुरुवारी नारळ फुटला. हेडमास्तर रोज म्हणत की हे बंद करायला हवे, पण येताजाता त्यांचाही हात आपोआप छातीशी जाई.

अशा स्थितीत काल रूपरावजी आले. मनगटावर सोनेरी पट्ट्याचे घड्याळ, पायांत करकरणाऱ्या वहाणा. ऑफिसात शिरले, उदबत्ती पाहिली आणि वहाणा बाहेर काढून आले. नमस्कार केला. मग हेडमास्तरांना विचारले, “हे ठानं कोनाचं आहे, सर?”

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मामा, देवाचे नाव घ्यावे तर खोटे, खिळा म्हणावे तर त्यांनी आत्ताच नमस्कार केलेला. मी म्हटले, घड्याळाचे.

“घड्याळ कुठी आहे मंग?”

“वर्ध्याले गेलं जी,” तानाबाई दारातून म्हणाली, जसे कोणी बाळंतपणाला गेले आहे. मग तिने पदर खोचला. “पन साहेब, घड्याळ होतं तवा घंटा चुके. हे पोरगं घड्याळाबिगर वाजवून राह्यलं, तं एक तास चुकला नाई. तुमी आपलं घड्याळ लावून पाहा नं.” (आफ्रिका-ऑस्ट्रेलियाचा दिवस ती विसरली की गाळला, ते मी विचारले नाही.)

रूपरावजी खुर्ची ओढून बसले आणि मनगट पुढे धरले. मी नवी उदबत्ती लावली, दोरा बांधला, आणि खिडकी लावून घेतली. हेडमास्तर उकाड्याने घामाघूम झाले. एका माणसाच्या नोकरीइतका लांब तास मी त्याआधी पाहिला नव्हता. राख वाकली, पडली. मला वाटले दोरा ओला आहे. मला वाटले गुलाबाऐवजी चंदन आणले. तेवढ्यात नट ताटलीत पडला. रूपरावजींनी घड्याळाकडे पाहून सांगितले, साडेचौतीस. मी अर्ध्या मिनिटाची माफी मागायला तोंड उघडले, तर ते म्हणाले की माझे घड्याळच थोडे मागे चालते. तिथेच कागद मागवून त्यांनी मला पक्के केल्याचा हुकूम लिहिला आणि सही केली. उठताना मात्र बोट दाखवून म्हणाले, “आता घड्याळ परत येईन. ते तुह्या जिम्म्यात. अन् ते पुन्यांदा बंद पडलं तं मंग तू बी बंद.”

संध्याकाळच्या गाडीने घड्याळ आले. खिळ्यावर लावले आहे आणि टिकटिक करते आहे. तानाबाईने त्यालाही कुंकू लावले. आई सेलूला निरोप देण्याच्या तयारीत आहे. एकूण सगळे चांगले झाले, आणि मी माणसांनी केलेल्या घड्याळांचा विचार करत आनंदात आहे. गुडघ्याला एरंडाचे पान बांधून पाहावे.

तुमचा भाचा,
ओमप्रकाश (पक्का)

ता. क. — घड्याळाबरोबर वर्ध्याच्या कारागिराची एक चिठ्ठी होती, ती सुदैवाने माझ्याच हाती पडली. तीत लिहिले आहे: ‘घड्याळात दोष नाही. फक्त चावी दिलेली नव्हती. शुक्रवारी माझ्याकडच्या चावीने दिली आहे. या जुन्या बनावटीची चावी आता मिळत नाही, तरी आपली सांभाळावी.’ चिठ्ठी मी त्या जाड पुस्तकात वाळवीच्या बोगद्याजवळ ठेवली आहे. मामा, तुमच्यापासून काय लपवायचे? शाळेच्या घड्याळाची चावी हरवू नये म्हणून मी ती करदोड्याला बांधत असे. मामींनी नवा करदोडा दिला तेव्हा जुना विहिरीच्या काठावर राहिला, चावीसकट. हे मला पुढच्या सोमवारी घड्याळाला चावी द्यायला स्टुलावर चढल्यावर कळले. तेव्हा सांगितले असते तर ही कोणतीच हकिकत झाली नसती.

आता अडचण अशी की तुमच्या गावचा चिंधू बुधवारी बाजारात भेटला. तो म्हणाला की अनुसयामामींना विहिरीवर एक चावी सापडली, ती त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून नलूच्या कमरेला बांधली, आणि तेव्हापासून पोरगी तिन्हीसांजेला रडत नाही. मी स्वतः आलो तर मामी चावी देणार नाहीत, आणि मागायला माझी जीभही वळणार नाही. म्हणून या पाकिटात माझ्या पत्र्याच्या ट्रंकेची चावी दोऱ्याने शिवून पाठवत आहे. लांबी तीच आहे, मी मोजली. मामी भाकरी थापत असताना हळूच अदलाबदल करावी. घड्याळ येत्या शनिवारपर्यंत चालेल. रूपरावजींचे शब्द वर लिहिलेच आहेत.

(पाकिटाच्या मागे) — पाकीट चिकटवल्यावर लक्षात आले की नोकरीचा हुकूम मी ट्रंकेत ठेवून कुलूप लावले आहे. तरी कृपा करून दोन्ही चाव्या परत पाठवाव्यात, आणि नलूला तुमच्याकडची एखादी बांधावी. मात्र ती कशाची आहे, हे आधी पाहून घ्यावे.